एका वॉशरपायी

नाही, पण तुम्हीच सांगा हो, कॉफीच्या दुकानावर ‘खिळेमोळे व नळसामान’ अशी पाटी ठेवायची गरज काय? माणूस धापा टाकत येतो, पाटी वाचतो, त्याचा जीव भांड्यात पडतो, दार ढकलतो आणि ओरडतो, ‘शेठ, अर्ध्या इंचाचा वॉशर द्या लवकर!’... तर आत मंद दिवे, पेंगुळलेलं संगीत, आणि अख्खं दुकान लॅपटॉपमधून मान वर काढून माझ्याकडे बघतंय! काउंटरवर एक मुलगी, खांद्यापासून मनगटापर्यंत वेल गोंदवलेली. म्हणाली, ‘या काका! हॉट घेणार की कोल्ड?’ अगं बाई, हॉट काय नि कोल्ड काय, मला फक्त एक वॉशर हवा होता!

तुम्हाला सांगतो, प्रकरण अगदी साधं होतं. आमच्या मोरीतला नळ गळायचा. आता गळतात नळ, पण आमच्या मोरीच्या फरशीला आहे चीर, आणि त्या चिरेच्या बरोब्बर खाली, जिथे पूर्वी कोळशाची वखार होती, तिथे निघालंय गप्प बसायचं दुकान! हसू नका. खरंच सांगतो. लोक पैसे देऊन आत जातात, जमिनीवर बसतात, वाटीभर चहा घेतात आणि गप्प बसतात. बोलायला बंदी! आमच्याकडे हे फुकट मिळतं, हिच्या भावाचा नुसता विषय काढा, चार दिवस मिळतं. असो. तर त्या दुकानाचं उद्घाटन त्याच संध्याकाळी, आणि सकाळीच घरमालक दारात. थोरले मालक बिचारे गेले, आता त्यांचा मुलगा बघतो सगळं. गल्लीतले जुने भाडेकरू एकेक करून उठले, आम्ही दोघंच काय ते उरलोय, आणि आमची खोली कधी रिकामी होते याची तो वाटच बघतोय. अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘काका, आज पाहुणे येणार खाली. एक थेंब जरी पडला ना, तर उद्या टेम्पो मीच बोलावतो. सामान तेवढं बांधून ठेवा.’

म्हटलं, वॉशर गेला असेल, बदलू आपणच. मग करू, मग करू म्हणता संध्याकाळ झाली, तेव्हा कुठे पाना घेतला, नळ खोलला... आता, मुख्य कॉक आधी बंद करायचा असतो हे मला कळत नाही का? कळतं! पण तो कॉक त्या गप्प दुकानाच्या नव्या भिंतीआड गेलाय, आणि मला वाटलं एवढ्याशा कामाला काय होतंय... सुटली की हो धार! थेट तोंडावर! चष्मा एकीकडे, पाना एकीकडे, मी एकीकडे! आमची ही गॅस बंद करून धावत आली, एक शब्द न बोलता पुढे झाली, आणि नळाच्या भोकावर अंगठा दाबून उभी राहिली. मग बोलली. काय बोलली ते इथे चारचौघांत नको, शेवट एवढाच होता, ‘...आणि आता उभे काय राहिलात? वॉशर आणा! पळा!’

तर मी पळत होतो. आणि ही मुलगी मला विचारतेय हॉट की कोल्ड! म्हटलं, खिळेशेठचं दुकान कुठे गेलं? म्हणाली, ‘ते ना, कधीच बंद झालं. पाटी आम्ही ठेवलीय. ओरिजिनल फील येतो.’ फील येतो! माझ्या घरात पाणी येतंय!

मग आठवलं, खिळेशेठचा मेव्हणा शिंपी, दोन चौक पुढे, त्याला ठाऊक असेल शेठ कुठे गेले ते. पळालो. पाटी जागेवर, ‘लेडीज जेन्ट्स टेलर’, हुश्श! दारात मात्र दाराएवढाच रुंद एक माणूस उभा. म्हणाला, ‘रिझर्व्हेशन?’ म्हटलं, ‘नाही हो, शिंपी.’ तो म्हणाला, ‘आज फक्त कपल्सना एंट्री.’ अहो, माझी कपल मोरीत उभी आहे! त्याच्या बगलेतून आत डोकावलो, तर शिलाई मशीनवर ग्लास ठेवून पोरं-पोरी पितायत आणि पायाने पायडल मारतायत, कापड नाही, दोरा नाही, नुसतं पायडल! आणि नेमका तेव्हाच हिचा फोन. तिचा एक हात नळावर म्हणून तिकडे तिचा फोन बादलीवर पालथ्या घातलेल्या घमेल्यावर, स्पीकरवर.

‘अहो, कुठे आहात? आणि हे धडाड्धूम काय चाललंय?’

‘बारमध्ये आहे गं, पण—’

‘बारमध्ये? मी इथे नळाला अंगठा लावून उभी, आणि तुम्ही बारमध्ये?’

आता काय सांगणार? मला फक्त एक वॉशर हवा होता! पुढे पंक्चरवाला होता पूर्वी, त्याच्याकडे तरी रबर असेल, चकती कापून देईल... तर सायकली छताला टांगलेल्या आणि खाली लोक जेवतायत. जेवतायत कसले, फरशीच्या तुकड्यावर एक हिरवा ठिपका आणि भोवती चौघं जण चिंतेत! वेटर कानात म्हणाला, ‘सर, हा फक्त अनुभव आहे. पोट भरायला शेजारी जा.’ म्हटलं, बाबा रे, ती फरशी दे, आमच्या मोरीला बसवतो! नाही दिली.

पुन्हा फोन. या वेळी ही ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, ‘अहो, अंगठा बधिर झालाय. बाजूने पाणी जातंय, फरशीवर साचलंय. आपली खोली जाईल हो.’ तुम्हाला सांगतो, ती ओरडते तोवर मला भीती नसते. तेव्हा मात्र मी रस्त्याच्या कडेलाच बसलो. लग्न करून आणलं ते याच खोलीत, आणि आता या वयात जायचं कुठे? या अख्ख्या वस्तीत आम्हाला परवडेल असं राहिलंय काय? जिथे गप्प बसायचे पैसे पडतात तिथे राहायचे किती पडतील! रडूच आलं मला, रस्त्यात. एक पोरगा थांबून म्हणाला, ‘काका, असेच थांबा हं, लाइट सुंदर आहे,’ आणि फोटो काढून गेला.

कसाबसा परत त्या कॉफीच्या दुकानात येऊन बसलो. म्हटलं, घोटभर पाणी तरी द्या. भिंतीला डोकं टेकलं, तर डोक्याला काहीतरी टोचलं. वळून बघतो... खिळेशेठचे खण! जमिनीपासून छतापर्यंत ते छोटे छोटे लाकडी खण, आणि माझ्या डोक्यामागच्या खणावर शेठच्या वाकड्या अक्षरात, ‘वॉशर, अर्धा’! ओढला. काठोकाठ भरलेला! आणि मागून, ‘काका! हात नका लावू, ते डेकोर आहे!’

हात जोडले मी. खरोखर जोडले. म्हटलं, बाई गं, विकत दे, भीक म्हणून दे, माझी बायको मोरीत उभी आहे! ती म्हणाली, ‘विकता येत नाही, काका. भिंत बघायलाच तर लोक येतात.’ आणि आत गेली. संपलं, म्हटलं. तर बाहेर आली ती कॉफी घेऊन, न मागितलेली, आणि बशीत बिस्किटाखाली काय? वॉशर! वाकून म्हणाली, ‘माझ्या रूमचा पण गळतो, काका. मी दोन नेलेत.’ पोरीला शंभर वर्षं आयुष्य मिळो!

धावत घरी. ही थरथरत उभी, नखशिखान्त ओली. वॉशर बसवला, नळ आवळला, गच्च बंद! थेंब नाही! तिचा अंगठा हातात घेऊन चोळत बसलो, पांढराफटक पडला होता बिचारीचा. आणि दारावर धाडधाड. मालक! म्हटलं, पाणी गेलं वाटतं खाली, बांधा आता सामान.

मालक आत आला आणि म्हणाला, ‘पाणी बंद कोणी केलं?’

म्हटलं, ऑं?

तर खाली काय झालं होतं, छतातून थेंब पडायला लागला, कोणीतरी त्याखाली पितळी वाडगा ठेवला, आणि टप्प... टप्प... सगळे डोळे मिटून बसले! एका बाईंना तर आजोळ आठवून हुंदका आला. आणि ऐन रंगात आलेलं असताना मी वॉशर बसवला! मालक म्हणाला, ‘लोक पुढच्या आठवड्याची जागा सांगून चाललेत, काका. आत्ताच्या आत्ता चालू करा. थेंब बंद, तर टेम्पो!’

तुम्ही म्हणाल, नळ थोडा सोडून ठेवायचा. ठेवला की! तर त्या गप्प दुकानाचा शेंडीवाला दुकानदार स्वतः वर आला, ते लोक मोठ्याने बोलत नाहीत, कुजबुजला, ‘मघाचा ठेका नाही हा. मघाशी थेंबात वेदना होती.’ वेदना होतीच! हिच्या अंगठ्यात होती!

तेव्हापासून रोज संध्याकाळी वॉशर काढायचा आणि अंगठा लावून उभं राहायचं. एक दिवस ही, एक दिवस मी. माझ्या दिवशी गर्दी कमी असते म्हणे, माझ्या थेंबात दम नाही. पण घर टिकलंय. आणि वॉशर? हा बघा, खिशातच घेऊन फिरतो. मला फक्त एक वॉशर हवा होता, तो मिळाला हो... लावू देत नाहीत! बरं, निघतो. आज माझा अंगठा आहे.