सतराव्या आठवड्याचा कागद

माझं माहेर मांजरी आन् सासरही मांजरीच, माहेरच्या गच्चीवरून सासरचा गोठा दिसतो, त्यामुळं रुसून माहेरी जायची सोय कधी झालीच नाय, गेले तरी सासूबाई तिथूनच हाक मारायच्या, धारंची वेळ झाली, ये आता. नाव वैशाली, वय अडतीस, शिक्षण बारावी. वडिलांचा ऊस व्हता, तिथं आता बारा मजल्यांची सोसायटी हाय, आमच्या ह्यांच्या चार गायी हायेत आन् त्याच सोसायटीत हे रोज सकाळी दूध घालतात. माझी गोष्ट लिहायला आलात तर वहीत मी बोलते तसंच लिहा बरं का. जिममधे बायकांपुढं मी अहो-जाहो करून शुद्ध बोलते, बोलून बोलून जबडा दुखतो, आज इथं नाय बोलणार.

काय सांगू तुम्हाला, जिम म्हंजे काय ते मला ठावं नव्हतं. हडपसरला एका जिममधे मी झाडलोटीला लागले, मशिनी पुसायच्या, आरसे पुसायचे, कुणाचे टॉवेल पडलेत ते उचलायचे. तिथली पोरं व्यायाम झाला की लोखंडाच्या प्लेटा कुठंही टाकून जायची, जागेवर ठेवायच्या कुणी, तर मी. वीस किलोची एक ह्या हातात, एक त्या हातात, बोलत बोलत न्यायची. लहानपणापासून वैरणीचे भारे वाहिलेत, त्यात काय एवढं. तर तिथं शिकवणारे एकजण व्हते, त्यांना सगळे सर म्हणायचे, त्यांनी बघितलं आन् म्हणाले, ताई, तुम्ही खाता काय. मी म्हणलं, भाकरी. सगळे हसले. मंग दोन वर्षं मी झाडत झाडत शिकले, परीक्षा दिली, सर्टिफिकेट घेतलं आन् सकाळची बायकांची बॅच माझ्याकडं आली. त्या बायका मला मॅडम म्हणायला लागल्या. पहिल्यांदा मॅडम म्हणल्या तवा मी मागं वळून बघितलं व्हतं, कोण आलं म्हणून.

गेल्या वर्षी सर म्हणाले, बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरा. जिमचे मालक, त्यांना आम्ही शेठ म्हणतो, ते म्हणाले, उतरा उतरा, आपल्या जिमचं नाव होईल. घरात मी भीतभीत विचारलं, कारण स्टेजवर कपडे कसे असतात ते तुम्हाला माहीत असेल, तर हे म्हणाले, गायीच्या धारा काढून जायचं असेल तर जा. म्हंजे हो म्हणाले. त्यांचं हो असंच असतं.

सरांनी एक कागद दिला. सोळा आठवड्यांचा. कितव्या आठवड्याला काय खायचं, किती ग्रॅम, किती वाजता, सगळं लिहिलेलं, तो मी फ्रीजला चिकटवला आन् ओट्यावर वजनाचा काटा आणून ठेवला. घरात रविवारी मटण शिजायचं आन् मी तिथंच उभी राहून उकडलेली कोंबडी मोजायची, मीठ नाय, तेल नाय, बरोबर उकडलेला दोडका. माझी मुलगी गौरी, आठवीत हाय, ती माझ्याशेजारी उभी राहून काट्यावरचा आकडा वाचायची, आई, चार ग्रॅम जास्त झालं, काढ. मला कौतुक वाटायचं, पोरगी किती शहाणी, आईला किती मदत करते. शेजारणींना सांगायचे मी. हे लक्षात ठेवा, पुढं येणार हाय.

शेवटी शेवटी तर हसायची ताकद नव्हती. स्पर्धा कोथरूडला एका हॉलमधे व्हती, आदल्या दिवशी पाणी बंद, मीठ तर आधीच बंद, अंगाला तो तपकिरी रंग फासला, ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली, तशी मी स्टेजवर उभी राहिले आन् दंड फुगवून हसले. तिसरी आले. खोटं कशाला बोलू, लई आनंद झाला, ह्यांनी शिट्टी मारली, आयुष्यात पहिल्यांदा. तिथंच फोटो काढला. गालाची हाडं वर, मानेच्या शिरा दोरीसारख्या. सगळे म्हणले काय फोटो आलाय. अहो, ती तहानलेली बाई हाय फोटोत, दुसरं काय हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, फ्रीजपाशी गेले, कागद बघितला तर कागद संपला व्हता. सोळाव्या आठवड्याच्या खाली कोरं. मी सरांना मेसेज केला, सर, आजपासून काय खाऊ. त्यांचं उत्तर, अभिनंदन ताई, एन्जॉय करा. दोन दिवसांनी परत विचारलं, सर, भूक आवरत नाय, व्यायाम किती करू. बघितला मेसेज, उत्तर नाय. त्यांच्याकडं पुढच्या स्पर्धेची नवी पोरगी आली व्हती, तिचा पहिला आठवडा सुरू झाला व्हता. म्हंजे बघा, विहिरीत उतरवताना दोर धरला, वर काढायच्या वेळेला माणूस घरी गेला. मला अजून राग येतो. चार ग्रॅम कोंबडी जास्त झाली तर चिडणारा माणूस, त्याला सतराव्या आठवड्याचं एक वाक्य लिहिता आलं नाय?

आन् त्याच आठवड्यात संक्रांत आली. गुळाच्या पोळ्या केल्या व्हत्या सासूबाईंनी. मी ओट्यापाशी उभी राहून सात खाल्ल्या, तुपाबरोबर, बसले पण नाय. पोट फुटायला आलं तरी भूक व्हतीच. चार दिवसांत पाय एवढे सुजले की जोडवी निघंनात, तोंड भाकरीसारखं फुगलं. हडपसरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, इतके दिवस शरीराला दुष्काळ दाखवलात, आता ते साठवणारच, वेळेवर जेवा, मीठ-पाणी नीट घ्या, काही महिने लागतील. जिममधे पण तेच, जे वजन मी सहज उचलायची त्याच्या निम्म्याला खांदा थरथरायला लागला. शरीर म्हणत व्हतं थांब, आन् डोकं म्हणत व्हतं अजून एक तास कर, नायतर खाल्लेलं सगळं दिसंल.

आन् अशात आमच्या मंडळानं माझा सत्कार ठेवला. चौकात फ्लेक्स लावला, मांजरीची कन्या आन् मांजरीचीच सून, हार्दिक अभिनंदन. फोटो तोच स्टेजवरचा. पण त्या कपड्यांत गावच्या चौकात कसं लावायचं, म्हणून पोरांनी डोकं लावलं, माझा गळ्यापर्यंतच फोटो ठेवला आन् खाली सगळ्या अंगावर शुभेच्छुकांचे फोटो चिकटवले. चौदा जण. जे शरीर मी सोळा आठवडे घडवलं त्याच्यावर चौदा गडी गॉगल घालून बसलेले. बरं, ते पण सोडा. सत्काराच्या दिवशी मी हिरवी नऊवारी नेसून गेले, शेजारी माझी जाऊ शीतल, ती मुळातच काडी, गालफडं बसलेली. आमचे अण्णा, दरवेळी निवडणुकीला उभे राहतात ते, शाल-श्रीफळ घेऊन उठले, एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा आम्हा दोघींकडं बघितलं, आन् शाल दिली शीतलला. आन् शीतलनं घेतली हो! ती बिचारी म्हणे, मोठ्या माणसाला नाय कसं म्हणायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मागून वराडले, अहो अण्णा, ती नव्हं, ही माझी. तर अण्णा माईकवरून काय म्हणावेत, फोटोत तर बारीक हाय की. सगळा मांडव हसला. गौरी पहिल्या रांगेत बसली व्हती. ती हसली नव्हती, तेवढं मला दिसलं, पण मी माझ्याच रागात व्हते, मी तिच्याकडं परत बघितलं नाय.

जिमच्या दारावर शेठनी वेगळा फ्लेक्स लावलेला, आठ फुटी, अख्ख्या अंगाचा. मार्चमधे एक दिवस त्यांनी मला केबिनमधे बोलवलं आन् म्हणाले, वैशालीताई, राग नका मानू, पण नवीन येणाऱ्या बायका दारात फ्लेक्स बघतात आन् आत तुम्हाला बघतात, त्यांना वाटतं फसवणूक झाली. फ्लेक्ससारखं दिसायला पाहिजे, ट्रेनर म्हंजे जाहिरात असते. आता तुमच्यापुढं एवढी तोंड वाजवते, पण तवा मान हलवून बाहेर आले. घरी आले, कपाटातून सरांचा कागद काढला, पुन्हा फ्रीजला लावला, पहिला आठवडा.

संध्याकाळची धार एरवी हेच काढतात, पण त्याच दिवशी मी गोठ्यात धार काढत व्हते. आमची एक गाय हाय, चंद्री, ती एकदम उठून दाव्याला ओढ देऊन फाटकाकडं बघायला लागली. मी ह्यांना म्हणलं, हिला काय झालं. हे म्हणाले, काय नाय, गौरीची शाळा सुटली, रोज ह्या वेळेला हिला डबा मिळतो ना. मी म्हणलं, कसला डबा. तर हे म्हणाले, अगं, तुझा सत्कार झाला तवापासून चाललंय, तिचा उरलेला डबा ती चंद्रीला घालते, मला वाटलं मैत्रिणीचं खात असंल. तेवढ्यात गौरी आली, मला बघून दचकली. मी डबा हातातून घेतला, उघडला. दोन चपात्या, भाजी, सगळं सकाळी भरलेलं तसंच्या तसं.

माझा रागानं तोल गेला. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आन् माझ्या हाताला हाडं लागली. मणके मोजता येतील अशी. आई असून मला माहीत नाय, रोज मी दुसऱ्या बायकांचे दंड मापते. ती रडली नाय. खाली बघत म्हणाली, तू खायला लागलीस तर शाल काकूला दिली ना.

तिनं ते रागानं म्हणलं असतं तर मी पण बोलले असते. पण गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं तिनं. आन् शिकवलं कुणी, तर मी. तो काटा मी आणला, आकडे मी वाचायला लावले. शेठवर राग, सरांवर राग, अण्णांवर तर हायच, पण सगळ्यात जास्त राग कुणावर असंल तर ह्या बयेवर, माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी बॅच संपवली आन् बाहेर जाऊन स्टुलावर चढले, कात्रीनं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. शेठ धावत आले, अहो ताई, काय करताय, जिमची प्रॉपर्टी हाय ती. मी म्हणलं, दोरी तुमची, अंग माझं. ज्या दिवशी हा फोटो काढला त्या दिवशी मला जिन्याच्या चार पायऱ्या चढवत नव्हत्या, आज मी तुमची अख्खी रॅक उचलून दाखवते, कोणतं दाखवायचं ते तुम्ही ठरवा. बायका आतून बघत व्हत्या. त्यातली एक, बँकेत कामाला व्हती, आता रिटायर झाली, लई कमी बोलते, ती म्हणाली, शेठ, आम्ही फ्लेक्सकडून व्यायाम शिकायला येत नाही. तेवढं बोलून चपला घालून निघून गेली. शेठनी मला अजून काढलं नाय आन् मीही गेले नाय. बोलत नायत, ते एक बरं हाय.

आता व्यायाम मी आठवड्यातून चार दिवस करते, एक तास, त्याच्यावर मिनिट नाय. खांदा परत आलाय. वजन स्पर्धेपेक्षा अकरा किलो जास्त हाय, ते तिथंच थांबलंय, आन् अजून आरशापुढून जाताना मी मान वळवते, खोटं नाय सांगत. भूक कधी खरी आन् कधी खोटी ते अजून पुरतं कळत नाय. गौरीला डॉक्टरीणबाईंकडं नेते दर पंधरा दिवसांनी. त्या म्हणाल्या, तिला खा खा करू नका, तिच्यासमोर तुम्ही नीट जेवा, बस. ऐकायला केवढं सोपं हाय, नाय?

काल आमच्या गच्चीवर कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवलेले, चीक काढलेला, सासूबाई भल्या सकाळी पातेलं ढवळत बसल्या. वाळत घालायला काय घ्यायचं तर मीच तो आठ फुटी फ्लेक्स आणला आन् धुवून उलटा पसरला, त्याच्यावर प्लॅस्टिक, त्याच्यावर पांढऱ्या कुरडया. फोटोतली माझी मानेची शीर कुठंतरी खाली गेली. आता कुरडयांच्या दिवशी गरम चीक खायचा असतोच, सासूबाईंनी दोन वाट्या भरल्या, दूध-गूळ घालून, एक मला, एक गौरीला. गौरीनं वाटी हातात घेतली आन् माझ्याकडं बघत राहिली. चमचा उचलंना. म्हंजे बघत व्हती, ही खाते का.

माझ्या डोक्यात आकडे सुरू झाले हो, गूळ एवढा, दूध एवढं. अजून सुरू होतात. मला असा राग आला त्या आकड्यांचा, की मी चमचा बाजूला ठेवला, बोटानंच खायला लागले, चटके बसले तरी. वाटी पुसून खाल्ली आन् सासूबाईंना म्हणलं, आत्या, अजून घाला. मंग गौरीनं एक चमचा तोंडात घातला. मंग दुसरा. तिसऱ्यानंतर वाटी खाली ठेवली, पण चंद्रीकडं नाय नेली, शेजारीच ठेवली, आन् थोड्या वेळानं परत घेतली. किती खाल्लं ते मी बघितलं नाय, मुद्दाम कुरडयांकडं तोंड करून बसले.

एवढंच हाय माझं. सरांनी कोरा सोडलेला कागद मी भरत बसलेय, एक एक दिवस. तुम्हालाही पोरगी हाय म्हणालात ना? तिला पोटभर मिळू दे, आन् जेवताना तिच्या ताटात डोकवायला कुणी न येऊ दे. आन् तुम्ही वही मिटा आता, कालचाच चीक गरम करून दिलाय, वाटी गार होतेय तुमची.