चिंधी बांधलेली वांगी

मन्हं माहेर तळोद्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. मन्ही माय गरीब, लग्नात काय देणार, तिनं पदराच्या गाठीत वांग्याचं बी बांधून दिलं. मोठं हिरवं वांगं, भाजलं की लोण्यासारखं. सासरी, तापीकाठच्या ह्या गावात, मी ते विहिरीपाशी लावलं आणि काय सांगू तुम्हाला, सारं गाव भरताचं वांगं मागायले मन्ह्या दारी यायचं. वांगं द्यायची, बी कोणाले दिलं नही, मायचं ते.

नवरा मात्र शेकोटीचा. त्याले अहो-जाहो करावं असं त्यानं काही केलं नही, म्हणून मी अरे-तुरेच करते, तुम्ही लिहा तसंच. हिवाळा आला की कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, चार रिकामटेकडे जमवायचे आणि काडीनं राखेत पुढच्या सालचा बगीचा काढायचा. इथं केळी, इथं लिंबू, इकडून मोटेचं पाणी. मोटेले बैल कोणाचे ते कोणी इचारू नही. सकाळी तो सगळा बगीचा मी झाडून उकिरड्यावर टाकायची.

एका साली पावसात मडक्यातलं बी भिजून कुजलं. माय तर मरून गेलेली, भावानं तिच्या वाडीत कापूस घातलेला. आता बी धरायचं ते उभ्या झाडावरच. मी चार चांगली वांगी निवडली, देठाले लाल चिंध्या बांधल्या, पिकून पिवळी होऊ देत म्हणून. चिंधीचं वांगं तोडायचं नसतं हे लहान पोरालेही कळतं.

बाजाराहून आली तर शेकोटीपाशी भरताचा वास. बेत रंगलेला, औंदा नही पण पुढच्या साली वांग्याचे वाफे वाढवू म्हणत होते, आणि बाजूले चार चिंध्या पडलेल्या. मी म्हटलं चिंधी दिसली नही का, तर म्हणतो कसा, अवं, चिंधी देखीसनच त मी तोडं, चांगलं व्हतं म्हनीसनच तू बांधी व्हती ना.

मी रडली, पण त्याच्यासमोर नही, तेवढी त्याची लायकी नही. मग कडाक्याची थंडी पडली, उरलेली झाडं करपली, मायचं बी संपलं.

आता साहेबाच्या लढाईपायी घासलेट मिळत नही, पण शेकोटी शे, तो शे, राखेतला बगीचा शे. अजून लोकांले सांगतो, तसं भरीत पुन्हा कधी जमलं नही. कुठून जमेल. देवानं त्याले शंभर वरीस आयुष्य द्यावं, आणि रोज बाजारचं वांगं खाऊ घालावं.