दारापर्यंतची सोबत

डोंगराच्या पायथ्याशी यात्रेकरूंच्या तपासणीची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. रांगेतले एक मास्तर वैतागून सारखं घड्याळ बघत होते. त्यांच्या पुढे यात्राप्रमुख ओळखीच्या एका म्हातारीशी बोलत होता.

“मावशी, बूट केवढे मोठे हे!”

“यांचे आहेत. आत दोन-दोन मोजे घातलेत.”

“अहो, देऊळ दोन दिवसांच्या चढणीवर आहे. नवे घ्यायचे की!”

“नवे चावतात. यांनी तीन महिने गच्चीवर फेऱ्या मारून हे मऊ केले. गेल्या महिन्यात ते गेले, बूट राहिले.”

मास्तर घड्याळ बघायचे थांबले.

“पण काका तर देव मानत नव्हते ना?” यात्राप्रमुखाने विचारलं.

“छे! म्हणायचे, ‘तुला दारापर्यंत सोडीन. आत मात्र येणार नाही.’”

“मग आता?”

“आता काय? देवळात बूट काढूनच जायचं असतं. थांबतील ते बाहेर.”