बेलभंडाऱ्याची मतं

हल्लीचे मतदार बेइमान झाले म्हणता, म्हणून सांगतो. स्वातंत्र्याआधी मी नगर जिल्ह्यातल्या एका म्युनिसिपालटीत कारकून होतो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पेटी असे. पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची.

आमच्या वॉर्डात एका वकिलांनी घरोघर जाऊन मतदारांना बेलभंडारा उचलायला लावला, मत त्यांनाच द्यायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच घरांत शेठजींनीही तीच शपथ घ्यायला लावली. तिसरे उमेदवार एक मास्तर. ते कुणाच्या दारात गेलेच नाहीत.

मोजणीला पेट्या उघडल्या, तर वकिलांच्या आणि शेठजींच्या पेटीत नुसत्या फाडलेल्या चिठ्ठ्या! मोजणीच्या साहेबांनी त्या सगळ्या बाद केल्या आणि मास्तर सात मतांवर निवडून आले.

बाहेर येताच वकिलांनी एका म्हाताऱ्याला धरलं. "काय रे तात्या, शपथ घेतली होतीस ना?"

"व्हय वकीलसायेब. पन शेटजींची बी घेतली हुती. देवाम्होरं खोटं कसं पडायचं? म्हनून चिठ्ठी फाडून दोगांलाबी दिली." मग तो जवळ सरकला. "पर मोठा तुकडा तुमालाच टाकला."

मागून शेठजी ओरडले, "अरे, हेच तू मला आत्ता सांगितलंस की!"