बैलाची फिर्याद

बंदूकवाल्यांनी सोडून नेलेल्या बैलाची फिर्याद घेऊन पेडगावचा व्यंकटी परभणीच्या कचेरीत रांगेला उभा होता. पुढं दोन वकील हमरीतुमरीवर आले होते.

"जैसे थे करार मोडून फौज घुसवली दिल्लीनं! ही लढाई बेकायदा आहे, बन्सीधरराव!"

"लढाई कुठली, दिनकरराव? पोलीस कारवाई!"

"रणगाडे घेऊन पोलीस?"

"कायद्यानं पोलीसच!"

"वकीलसाब," व्यंकटीला राहवेना, "नक्की पोलीसच हायत?"

"शंभर टक्के!"

"कुठवर आलेत?"

"सेलूपर्यंत."

व्यंकटीनं फिर्याद मुंडाशात खोवली आणि रांग सोडली.

"अरे, तुझाच पुकारा झाला!" कारकून ओरडला.

"इथं खेटे घालण्यात दोन पोळे बिनबैलाचे गेले, साहेब. एवढं सामान घेऊन पोलीस आलेत, तर बैल त्यांच्याकडूनच हुडकून घेतो!"