मामाचं दुप्पट ताकदीचं तेल

...आणि वास घेतो हो! तेलाचा! तुम्हाला सांगते, डबा उघडतो, बोट बुडवतो, अंगठ्यावर घासतो, डोळे मिटून नाकाशी नेतो आणि मग असा सुस्कारा सोडतो की बघणाऱ्याला वाटावं, आता हा तेलाला नोकरीवरच ठेवून घेणार. "हम्म... दमदार आहे!" कोण? माझा मामा. आईचा धाकटा भाऊ. तेल कसलं? इंजिन ऑइल. डबा कुणाचा? त्याच्या जुन्या डिझेल टेम्पोचा. आणि घालणार कशात? माझ्या ताईच्या नव्याकोऱ्या पेट्रोलच्या गाडीत! म्हटलं, मामा, अरे ही पेट्रोलची आहे. तर म्हणतो, "तेल ते तेल. गाडीला काय कळतंय?"

गाडीला काय कळतंय! अहो, मी समुद्रापलीकडे जाऊन इंजिनं शिकले. हाडं गोठवणाऱ्या थंडीत प्रयोगशाळेत उभी राहून तेल कसं वाहतं, कुठवर पोचतं, हे बघत बसले. आणि परत का आले? तर म्हटलं, आपल्या माणसांना आपण नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? तिकडे नोकरी देत होते, नको म्हटलं. विमानात बसताना मनात केवढं काय काय! गल्लोगल्ली फिरेन, लोकांना गाडीची पुस्तिका वाचायला लावीन... हसू नका. तुम्ही वाचलीय? हां! सगळ्यांची पुस्तिका असते समोरच्या कप्प्यात, कंपनीने दिली त्याच पिशवीत, आणि वर रुमाल, गोळ्या, तुटका गॉगल. लग्नातल्या भेटवस्तूचा मान तरी बरा, ती निदान उघडून बघतात!

आता ताईचं ऐका. ताई घरोघरी जाऊन आजारी माणसांचे व्यायाम करून घेते. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. एक आजोबा आहेत, अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून खुर्चीत होते, आता हिच्या हाताला धरून खिडकीपर्यंत चालतात. एक घर शहराच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. गाडी बंद तर काम बंद, काम बंद तर आजोबा परत खुर्चीत. इतकं साधं आहे! गाडीची हमी अजून चालू आहे, पण भलतं तेल घालून इंजिन बसलं की कंपनी हात वर करणार. मग ताईने मामाला नाही म्हणावं की नाही?

ते मात्र शक्य नाही. बाबा गेले तेव्हा आम्ही दोघी शाळेत, आणि मामाने त्या टेम्पोवर घर ओढलं. ताई गाडी शिकली तीही त्याच टेम्पोवर. त्यामुळे मामा नुसता खोकला तरी ताई बॉनेट उघडते. म्हणते, "अगं, त्याला वाईट वाटेल." आणि इंजिनाला वाटेल त्याचं काय? "तू फार कीस काढतेस बाई. गाडीला काय कळतंय?"

ही पण! घरचाच भेदी!

बरं, मी शांत राहिले. तुम्हाला सांगते, मी फार शांतपणे समजावलं. म्हटलं, मामा, डिझेल जळताना काजळी फार होते. म्हणून त्याच्या तेलात काजळी धुणारी, धरून ठेवणारी द्रव्यं जास्त घालतात. तुझ्या टेम्पोला ते अमृत. पण पेट्रोलच्या गाडीत धूर साफ करायची जी सोय असते, तिला तसलं तेल हळूहळू बाधू शकतं. आणि ताईच्या इंजिनातल्या फटी केसाहून बारीक. सकाळी गाडी थंड असताना तुझं जाड तेल डुलत डुलत तिथे पोचेपर्यंत लोखंड लोखंडावर घासत बसतं. म्हणून तिला हवं पातळ, डब्यावर लिहिलेलं असतं, शून्य डब्ल्यू वीस. तुझं आहे पंधरा डब्ल्यू चाळीस. पहिला आकडा थंडीत कसं वाहतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती जाड राहतं त्याचा.

ऐकलं हो त्याने! सगळं ऐकलं, मान डोलावली. मला वाटलं, झालं, क्रांती झाली! मग हनुवटी खाजवत म्हणतो, "म्हणजे माझं चाळीसचं आणि तिचं वीसचं?" हो मामा! "मग घरात दुप्पट ताकदीचं असताना वीसचं कशाला घालायचं?"

अहो, ते मार्क नाहीत! तेल परीक्षेला बसलं नव्हतं! पण ऐकतो कोण? "आणि पहिला आकडा शून्य? शून्य?" आईकडे वळला, "आक्का, ऐकलंस? एवढी लांब पाठवली, आणि ही ताईच्या गाडीत शून्य घालायला निघाली!" आणि आई, माझी सख्खी आई, भाजी निवडताना मान वर न करता म्हणते, "शून्य नको गं. थोडं तरी घाल."

म्हटलं, बोलण्यात अर्थ नाही, डबाच आणून समोर ठेवते. गेले दुकानात. दुकानदार विचारतो, "गाडी कोणती?" सांगितली. "रंग?" रंग! तेलाचा आणि रंगाचा काय संबंध? "तसं नाही, गाडी डोळ्यांपुढे आली की बरं पडतं." डोळ्यांपुढे! माझ्या डोळ्यांपुढे तर काजवे! शून्य डब्ल्यू वीस द्या म्हटलं, तर तोंड वाकडं. "ते पाण्यासारखं असतं मॅडम. हे न्या, पेट्रोल-डिझेल दोन्हीला चालतं." म्हटलं, दोन्हीला चालणारी तेलं असतात, मान्य, पण या गाडीला कोणतं चालतं ते बनवणाऱ्याने ठरवलंय. जाडीही तीच हवी, दर्जाही तोच हवा. तर हसला. "एवढं कुणी बघत नाही. गाडीला काय कळतंय?" यांनी ना, हे वाक्य पाटीवरच रंगवून घ्यावं, दुकानाच्या नावाची गरजच नाही! शेवटी मागच्या फळीवरून धूळ झटकत डबा दिला, आणि देताना चेहरा असा, की मी उंदराचं औषधच मागितलंय.

उजाडला तेल बदलायचा रविवार. डबा घेऊन जिना उतरते तर मामा गाडीपाशी हजर! बाह्या वर, जुनं तेल काढलेलं, फिल्टर बदललेला, नरसाळं लावलेलं आणि स्वतःचा डबा उचललेला. मी ओरडले, "थांब! मामा, थांब!" झालं, शेजारीपाजारी गोळा. ताई मधे उभी, रडवेली, एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. मामाने माझा डबा कानाशी धरून हलवला. डुबुक डुबुक. "हे तर पाणी आहे!" शेजारचे काका म्हणाले, "पाणीच." वरच्या काकू गॅलरीतून, "आमचं तळणाचं याहून घट्ट असतं हो!" मी काजळी सांगितली, फटी सांगितल्या, आकडे सांगितले, कुणाच्या चेहऱ्यावरची रेष हलेना. पालथ्या घड्यावर पाणी... नव्हे, तेल! आणि मामाने आपला डबा तिरका केला. जाड, तपकिरी धार तोंडाशी आली... आता पडणार...

मग मी काय केलं असेन? सांगायची लाज वाटते. मी माझा डबा उघडला. बोट बुडवलं. अंगठ्यावर घासलं. डोळे मिटून हुंगलं. खोल! मीच हो, प्रयोगशाळेतली मी, भर रस्त्यात तेल हुंगतेय! आणि म्हणाले, "हम्म... मुरणारं आहे. बोलत नाही, पण आतवर जातं."

काय अर्थ आहे याला? काहीही नाही! पण मामाची धार थांबली. डबा सरळ झाला. त्याने माझ्या तेलात बोट घातलं, घासलं, हुंगलं, बराच वेळ आकाशाकडे बघितलं. "मुरणारं आहे खरं. अगं, मग हे आधी बोलायचं! आकडे काय सांगत बसलीस?"

आणि ओतलं त्यानेच. माझं तेल, त्याचा हात. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा पुन्हा बघत, बरोबर खुणेपर्यंत, थेंब जास्त नाही. ते मात्र नाव ठेवायला जागा नाही असं केलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी ताई चक्कर मारून आली ती फुललेली. "अगं, काय मऊ चाललीय! आवाज म्हणून नाही!" मी पदर खोचून... म्हणजे पदर नव्हता, पण मनातल्या मनात खोचून तयार. म्हटलं, आता बोल बाई, बोल, एकदा तरी विज्ञानाचं नाव घे! तर मामाचा तेलकट हात हातात घेते आणि म्हणते,

"मामाचा हात लागला ना! गाडीला कळतं गं!"

इंजिन वाचलंय, आजोबा उद्या खिडकीपर्यंत चालणार आहेत, मामा लाजून लाल झालाय... म्हटलं, हो ताई. मामाचा हातच तसा आहे.