चिठ्ठीवर फक्त साखर होती

— फोन मीच केला, साहेब, लपवायचं काय त्यात? बसा ना, स्टूल डुगडुगतो, पण पाडत नाही. हेड ऑफिसातून एवढ्यासाठी आलात — डॉक्टरांची तक्रार, लॅबच्या बाईनं न सांगितलेल्या तपासण्या केल्या, परस्पर पेशंटच्या घरी फोन केला. केला. त्यांनी चिठ्ठीवर साखर तेवढी लिहिली होती, आणि खाली ‘वयोमानामुळे भ्रम’. भ्रम म्हणजे काय, तर आजी दोन दिवस सुनेला आई म्हणत होत्या, कपाट उघडून जिना शोधत होत्या. आणि त्याआधी? त्याआधी नातीला गणितं घालत होत्या. माणूस दोन दिवसांत म्हातारं होतं का? नाही होत. पण अंगात जंतू शिरले की म्हातारी माणसं अशी दोन दिवसांत बरळायला लागतात.

साखरेसाठीच आणलेली लघवीची बाटली हातात घेतली, तर धुण्याच्या पाण्यासारखी गढूळ. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं — पू-पेशीच पू-पेशी. आता तुम्ही म्हणाल, वय झालेल्यांच्या लघवीत जंतू असेही सापडतात — बरोबर, म्हणून तर साखरेसाठी घेतलेल्या रक्तातून जे उरलं, त्यावर सीआरपी लावली. अंगात कुठं दाह चाललाय का, ते त्यातून कळतं. सहाच्या आत हवी, आली एकशे शहाऐंशी. डॉक्टरांना दोनदा फोन केला, म्हणाले, ‘वय झालंय हो त्यांचं, उद्या बघू.’ उद्यापर्यंत जंतू रक्तात उतरले असते, तर कुणाला बघणार होते? मग लावला सुनेला फोन. म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या, साडी बदलत बसू नका. दुसऱ्या दिवशी, लघवीचा थेंब पेरलेल्या प्लेटवर ई. कोलाय जंतू उगवला, गुलाबी ठिपके, दाटीवाटीनं. आणि पाचव्या दिवशी आजींनी सुनेला तिच्या नावानं हाक मारली. ते नाही लिहिलं ना तक्रारीत?

नियम मला ठाऊक आहेत, एकवीस वर्षं काढलीत इथं. माझी आई — तिचा इथं काही संबंध नाही — पण तीही अशीच बरळायला लागली होती. अंथरूण ओलं करायची. मी ओरडायचे तिच्यावर, मुद्दाम करतेस म्हणून. दाराला बाहेरून कडी घालून इथं यायचे, लोकांच्या बाटल्या तपासायला. तिची एक बाटली आणली नाही हो मी. चार दिवस. मग तपासायला कुणी उरलंच नाही.

हे लिहू नका. खोडा ते.

माफीनामा मी देणार नाही. उद्या पुन्हा अशी बाटली आली, तर पुन्हा बघणार, पुन्हा फोन करणार. काढायचं तर काढा कामावरून. आता उठा, मला प्लेटा वाचायच्यात.